राख, पाणी आणि माती

भाऊबीज सरली, पाहुणे आपापल्या गावी गेले, की वाड्यातल्या इतरांना घर रिकामे रिकामे वाटू लागे. आजीला मात्र ती सवडच नसे. चार दिवस पणत्या जिथे जिथे मांडल्या असतील तिथे तिथे अंगणातल्या शहाबादी फरशीवर तेलाचे काळपट वर्तुळ उमटलेले असे. भुईनळ्याच्या बुडाशी करडा भाजका ठिपका, कुणी पाहुण्याने पान खाऊन कोपऱ्यात केलेला पराक्रम, उटण्याच्या हळदीचा पिवळा ओघळ. आजी पदर खोचून उकिडवी बसे आणि एकेक फरशी करीत तुळशीवृंदावनापर्यंत सरकत जाई. लक्ष्मी आली त्या पावलांच्या खुणा ठेवायच्या आणि बाकी सगळ्या पुसायच्या, हा तिचा भाऊबिजेनंतरचा सण होता.

डागांना कसला आलाय इतिहास, असे कुणी म्हणेल. मीही म्हटले असते. तख्ते, तह आणि तवारिखा यांतच उभा जन्म गेला. पण मी इतिहासाकडे वळलो तो फार उशिरा. त्याआधी मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी होतो, आणि त्या काळात माझ्या हातून एक गुन्हा घडला. तो सांगायचा तर अंगणांची हकीकत सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

मातीच्या अंगणाला डाग पडतच नाही. म्हणजे पडतो, पण टिकत नाही. तेल सांडले तर तेवढी माती खरवडून टाकावी, वर शेणाचा हात फिरवावा, की दुसऱ्या दिवशी ते कुठे सांडले होते हे सांडणाऱ्यालाही सांगता येऊ नये. कोकणात तर दर पावसाळ्यानंतर अंगणच नवे करतात. खळे खणायचे, सारखे करायचे, पाणी मारून चोपण्याने चोप चोप चोपायचे आणि मग सारवायचे. ज्या जमिनीचा दरवर्षी पुनर्जन्म होतो, तिच्यावर मागल्या जन्मीची पापे राहतील कशी?

या व्यवहाराला जुना आधार आहे. मनुस्मृतीचे नाव काढताच काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही; २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाची होळी झाली ती उगीच झाली नाही. माणसाला जन्मावरून डाग लावणाऱ्या पुस्तकाकडे मी डाग काढण्याची विद्या शिकायला गेलो, यातला विनोद मलाही कळतो. तरी पाचव्या अध्यायात वस्तू शुद्ध कशा कराव्यात याचे जे प्रकरण आहे, त्यात धर्मापेक्षा घरकाम अधिक आहे. जमीन पाच प्रकारांनी शुद्ध होते असे तिथे म्हटले आहे: झाडून, सारवून, शिंपून, खरवडून आणि तिच्यावर गाई बसवून. हे लिहिणाऱ्याने स्वतः कधी हातात केरसुणी धरली असेल असे मला वाटत नाही. पण धरणाऱ्या बाईकडे त्याने नीट पाहिले होते, एवढे खरे. त्याच प्रकरणात दगडासंबंधीही एक वाक्य आहे. त्याकडे मी मागाहून येईन.

दगड अंगणात आला आणि सारा हिशेब बदलला. दगड आपल्याकडे काही थोडा नव्हता. सह्याद्री म्हणजे काळ्या दगडाची रासच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि त्यातून हा दगड झाला. पेशवाईतल्या वाड्यांची जोती त्याचीच. शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत जळत राहिला. वरचे लाकूड गेले, खालचा दगड राहिला. पण काळा दगड फोडायला कठीण आणि घडवायला त्याहून कठीण. अंगणभर त्याच्या लाद्या घालणे हे सरदारांचे काम. कारकुनाच्या अंगणात शेणच.

कारकुनाचे नशीब उघडले ते आगगाडीने. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी पुढे १८५८ मध्ये पुण्यापर्यंत, मग सोलापूर ओलांडून १८७१ मध्ये रायचूरपर्यंत गेली आणि तिथे मद्रासकडून आलेल्या रुळांना मिळाली. या वाटेवर गुलबर्ग्याच्या पलीकडे शहाबाद लागते. त्या वेळी ते निजामाच्या राज्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून ते कर्नाटकाकडे आहे. तिथला दगड आपल्या काळ्या दगडाहून कितीतरी जुना, उथळ समुद्राच्या तळाशी साचत गेलेल्या चुन्याचा. वहीची पाने असावीत तसे त्याचे थर असतात. पाचर मारून छिन्नीने जरा समजूत घातली की सपाट फरशी आपसूक सुटून येते. ना करवत, ना फारसे घडकाम. असा दगड, आणि दाराशी रेल्वे! करडी, निळसर, कुठे पिवळट अशी ही फरशी वाघिणींत भरभरून सोलापूर, पुणे, मुंबईला येऊ लागली आणि तिच्या गावाचे नावच तिचे नाव होऊन बसले.

फरशीच्या या प्रसाराला आणखी एक कारण झाले असावे असे माझे मत आहे. १८९६ साली मुंबईत आणि मागोमाग पुण्यात प्लेग आला. तपासणीला आलेल्या पथकांनी घराघरांच्या मातीच्या जमिनी उकरल्या, भिंतींना चुना फासला, औषधांचे पाणी ओतले. त्या जुलमाची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कशी झाली हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. रँड गेला, पण मातीच्या जमिनीविषयी लोकांच्या मनात बसलेली धास्ती गेली नसावी. उंदराला बीळ करता येणार नाही अशी जमीन हवी, असे ज्या पिढीला वाटले, त्या पिढीत माझे आजोबा होते.

त्यांनी १९११ मध्ये अंगणात शहाबादी घातली. त्याच वर्षी आजी लग्न होऊन, नऊ वर्षांची, या घरात आली. वृंदावनासमोरच्या फरशीवर आजोबांनी पाथरवटाकडून चार आकडे कोरून घेतले होते: १८३३. शालिवाहन शकाचे वर्ष. आजीला अक्षरओळख नव्हती. शिकवायचे राहून गेले असे घरातले म्हणत; म्हणजे कुणी शिकवले नाही. पण दर दिवाळीला पाडव्याच्या सकाळी ती चिमटीत रांगोळी घेऊन त्या चार आकड्यांच्या खाचा भरी. तिने आयुष्यात लिहिले ते एवढेच. वर्षातून एकदा, दगडाने आखून दिलेल्या रेघांवरून, एक, आठ, तीन, तीन. आकड्यांची नावे तिला ठाऊक नव्हती. पहिला तिला पळीसारखा वाटे, आणि शेवटच्या दोघांना ती ‘जुळ्या बहिणी’ म्हणे.

१९६६ साली, तुळशीची लग्ने झाल्यावर, माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न निघाले. आचाऱ्याने अंगणात चूल मांडली. जिलब्या झाल्या, बुंदी पडली, आणि शेवटी कढई उतरवताना हात सुटून शेंगदाण्याच्या तेलाचा लोट थेट वृंदावनापर्यंत गेला. लग्न पार पडले. मांडव उतरला. वृंदावनासमोर हातभर रुंदीचा काळा डाग उरला, नेमका त्या आकड्यांना वेढून.

आजी म्हणाली, “राहू दे. चुलीतली राख आहे, गणपतीच्या कारखान्यातून शाडू आण थोडी. आठ-दहा दिवसांत निघेल.”

मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांना नुकताच हात लागलेल्या मुलाला राख आणि चिखल यांविषयी जेवढा तिरस्कार वाटतो तेवढा अन्य कुणाला वाटत नसेल. मी म्हटले, “आजी, तू बस. पाच मिनिटांचे काम आहे.” आणि बोहरी आळीतून दीड रुपयाला ॲसिडची बाटली घेऊन आलो. म्युरिअ‍ॅटिक ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिकच, पण बाजारी.

ओतल्याबरोबर फरशी फसफसली. पांढरा फेस, वाफ, नाकाला झोंबणारा वास! मला वाटले, डाग जळतो आहे. वाड्यातली पोरे टाळ्या पिटत होती. मी आणखी ओतले. मग बादलीभर पाणी मारले, आणि पाहतो तो डाग होता तिथेच होता. जरा उजळला होता, इतकेच. त्याच्याभोवतीची दोन हात फरशी मात्र पांढरीफटक, खरखरीत होऊन बसली होती. पंचावन्न वर्षे पायांनी घासून आलेला तुकतुकीतपणा गेला. आणि त्या आकड्यांच्या खाचांत ॲसिड साचून राहिले होते. पळी आणि आठ शाबूत राहिले. पहिल्या तिनाच्या कडा गेल्या. शेवटचा आकडा दोन होता की तीन, हे परक्या माणसाला सांगता येऊ नये अशी त्याची दशा झाली. पुढे ज्याने शिलालेख वाचण्यात आयुष्य घालवले, त्याने हयातीत पहिल्या प्रथम काय केले असेल तर एक शिलालेख पुसला.

झाले असे होते. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. हे ॲसिड चुनखडीला खाते आणि खाताना कार्बन डायऑक्साइड सोडते. तो फेस त्याचा होता. तेलाला हे ॲसिड ढुंकून विचारत नाही. म्हणजे मी जे जळताना पाहिले तो डाग नव्हता, अंगण होते. हे समीकरण मला पाठ होते. परीक्षेत त्यावर गुण मिळाले होते. फक्त पायाखालचा दगड आणि वहीतले कॅल्शियम कार्बोनेट ही एकच वस्तू आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

या ॲसिडची कुळकथा पाहण्यासारखी आहे. ते कुणी फरशा धुण्यासाठी शोधलेले नाही. फ्रान्समध्ये निकोला लेब्लां याने १७९१ मध्ये मिठापासून धुण्याचा सोडा करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. साबण आणि काच यांना सोडा हवा होता, तो मिळू लागला. पण या कृतीत ॲसिडचा वायू सुटे, आणि त्याचे काय करावे हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे तो धुराड्यांतून वर सोडून देत. इंग्लंडमध्ये असे कारखाने वाढले तशी आसपासची झाडे वाळली, शेते करपली. अखेर १८६३ मध्ये तिथल्या पार्लमेंटने कायदा करून, या वायूचा शेकडा पंच्याण्णव भाग कारखान्यातच पाण्यात धरला पाहिजे असे बंधन घातले. धरलेले ते पाणी म्हणजेच हे ॲसिड! टाकून द्यायचे होते ते आता बरण्यांत भरून मुबलक उरू लागले आणि त्याला गिऱ्हाइके शोधणे भाग पडले. लेब्लांची कृती पुढे मागे पडली, ॲसिड दुसऱ्या वाटांनी होऊ लागले, तरी त्याची ही फिरती थांबली नाही. आपल्याकडे तर ते सायकलीवरून दारोदार विकत. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले ते फरशांसाठी नव्हे, बायकांच्या तोंडावर ते फेकणारे नराधम निघाले म्हणून. ते दुःख इतके मोठे आहे की त्यापुढे माझ्या फरशीचे नाव काढायलाही लाज वाटते.

आजी मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. तिने दोन दिवस फरशी नुसत्या पाण्याने धुतली. मग चुलीतली लाकडाची राख वस्त्रगाळ केली, कढत पाण्यात कालवली आणि नारळाच्या सोडणाने डागावर चोळली. ते धुऊन शाडू भिजवली, थालीपिठाएवढ्या जाडीने त्यावर थापली आणि वर टोपली पालथी घातली. दोन दिवसांनी शाडू वाळून तडकली. तिने ती ढलपी उचलून मला उलटी करून दाखवली. खालचे अंग तेलकट, तपकिरी झाले होते. पुन्हा राख, पुन्हा शाडू. असे पाच लेप झाले. अकराव्या दिवशी तेलाचा मागमूस राहिला नाही. माझ्या ॲसिडचा पांढरा चट्टा तेवढा राहिला, आणि तो कशानेच जाण्यासारखा नव्हता.

आता मी मागे राखून ठेवलेल्या त्या वाक्याकडे येतो. ते मला पुष्कळ वर्षांनी, दुसऱ्याच कामासाठी पाने चाळताना सापडले. सोने, रत्ने आणि दगडाच्या साऱ्या वस्तू यांची शुद्धी राख, पाणी आणि माती यांनी होते, असे तिथे आहे. आणि दोन-तीन श्लोकांनंतर तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील, शिसे यांची यादी देऊन, यांना क्षार, आंबट आणि पाणी यांनी यथायोग्य शुद्ध करावे, असे म्हटले आहे. आंबट हे धातूंच्या वाट्याला आहे. दगडाच्या वाट्याला नाही! मी ग्रंथ मिटून कितीतरी वेळ बसून राहिलो. आजीने हे वाचलेले नव्हते, वाचता येतही नव्हते, आणि कुणी वाचून दाखवले असते असेही नाही. तिला ते तिच्या सासूकडून आले, तिला तिच्या सासूकडून. माझा तर्क असा की ग्रंथकाराला ते असल्याच कुणा सासूकडून मिळाले असावे.

यात गूढ काही नाही. लाकडाच्या राखेत पोटॅशचा क्षार असतो. तो तेलाशी मिळून थोडाफार साबणच बनवतो, आणि हा क्षार चुनखडीला खात नाही. पण तेल दगडाच्या छिद्रांत उतरलेले असते, तिथवर सोडण पोचत नाही. तिथे माती कामाला येते. ओला लेप वाळताना, वात जशी पणतीतले तेल वर ओढते तसे, दगडातले सारे वर ओढून आपल्यात घेतो. ताजमहालाचा संगमरवर धुराने आणि धुळीने पिवळा पडला तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांनी १९९४ पासून त्याला जे लेप दिले ते मुलतानी मातीचेच. संगमरवर हाही चुनखडीचाच भाऊबंद. शहाजहानच्या कबरीला आणि आमच्या अंगणाला औषध एकच लागले, हे आजीला सांगायला हवे होते. पण ती १९७८ मध्येच गेली होती.

बाकीच्या डागांना इतका वेळ द्यायचे कारण नाही. हळदीचा डाग दिसतो भयंकर, पण असतो पळपुटा: साबण लावला की तो लाल होतो आणि नवी सून घाबरते, वास्तविक हळदीला क्षार लागला की ती लाल होणारच, कुंकू तरी त्यावाचून कसे झाले असते? दोन दिवस कडक ऊन लागू द्यावे, म्हणजे उडून जातो. जेजुरीच्या पायऱ्यांवर इतकी वर्षे भंडारा उधळला जातो, आणि तो धुवायला पाऊस आणि उडवायला सूर्य बसलेलाच आहे. पानाच्या पिंकेचे तसे नाही. कात, चुना आणि सुपारी यांचे ते मिश्रण म्हणजे रंगाऱ्याचा पक्का रंगच. त्याला ब्लीचिंग पावडरचे पाणी लागते. चार्ल्स टेनंट नावाच्या ग्लासगोच्या माणसाने १७९९ मध्ये ही पूड कापड पांढरे करण्यासाठी काढली. मात्र एक सांगून ठेवतो, घराघरांत हे वाचले जाईल म्हणून: ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकाच वेळी एका फरशीवर कधी टाकू नका. त्यातून क्लोरीन सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी जर्मनांनी ईप्रच्या खंदकांवर सोडला तोच. आपल्या न्हाणीघरात कुणी महायुद्ध करू नये.

आजी पुढे बारा दिवाळ्या होती. पाडव्याला ती नेहमीसारखी चिमटीत रांगोळी घेऊन बसे. पळी भरी, आठ भरी. मग पांढऱ्या चट्ट्यापाशी आली की क्षणभर थांबे, आणि जिथे खाच उरली नव्हती तिथे मनाने दोन आकडे काढी. माझ्या चुलत भावाचे म्हणणे शेवटचा दोनच होता. फरशी १८३२ ची, आणि आजोबा लग्नाआधी वर्षभर अंगण घालीत होते. कागद कुठेच नाही. मला विचाराल तर आजी सांगायची त्या जुळ्या बहिणी होत्या, आणि जुळ्या म्हणजे सारख्या. हा पुरावा कुठल्याही परिषदेत टिकणार नाही, हे मला कळते. मी तो धरून बसलो आहे.

वाडा १९९४ मध्ये पाडला. ती एक फरशी मी मजुरांकडून काढून घेतली. आता ती आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटच्या मागच्या दारी, तुळशीच्या कुंडीखाली बसवली आहे. गेल्या दिवाळीत नातीने तिच्यावर पणत्यांची ओळ मांडली आणि एक कलंडली. नातीने मोबाइलमध्ये बघून लिंबू चोळायचे ठरवले होते. मी धावत जाऊन तिच्या हातातले लिंबू काढून घेतले. ती चकितच झाली, कारण मी इतका चपळ उरलो आहे असे तिला वाटत नव्हते. लिंबू म्हणजेही आंबटच. आमच्याकडे शेगडी गॅसची, राख कुठून यायची? शेवटी ओळखीच्या एका बेकरीवाल्याकडून लाकडाच्या भट्टीतली पिशवीभर राख आणली. शाडू गणपतीतली उरलेली होतीच. दोन लेपांत डाग गेला. तिसऱ्या दिवशी ढलपी उचलून नातीने ती उलटी करून पाहिली, वास घेतला, आणि मग रांगोळीचा डबा आणायला आत गेली. शेवटचा आकडा कुठला काढायचा, असे तिने आतूनच ओरडून विचारले.